आठांपैकी नऊ

आभाळकाकांच्या घरात धुकं शिरलं ते भर सकाळी, जिना चढून, आणि दारातल्या पायपुसण्याला रीतसर पाय पुसून. खोटं वाटत असेल तर समोरच्या न्हाव्याला विचारावं. तो गिऱ्हाइकाच्या गालाला फेस लावता लावता सहज वर बघत होता. तिसऱ्या मजल्यावरची गॅलरी त्याच्या डोळ्यांदेखत पांढरी होत गेली आणि आत खुर्चीवर बसलेला माणूस खोडरबरानं पुसावा तसा पुसला गेला. गिऱ्हाइकाला यातलं काहीच दिसलं नाही, पण तोवर त्याच्या डोळ्यांत फेस गेला होता, त्यामुळे त्याची साक्ष धरण्यात अर्थ नाही.

काकांची बायको जाऊन त्या दिवशी तीन आठवडे झाले होते.

आभाळकाका हे गल्लीनं ठेवलेलं नाव. काकांनी अडतीस वर्षं हवामानाच्या कचेरीत निरीक्षकाची नोकरी केली. ठरलेल्या वेळी अंगणात जायचं, मान वर करायची, आभाळाचे मनातल्या मनात आठ भाग पाडायचे आणि त्यांतले किती ढगांनी झाकलेत ते वहीत लिहायचं. लख्ख असलं तर शून्य, गच्च भरलं तर आठ. मग दृश्यता, म्हणजे नजर कुठवर पोचते ते. त्यासाठी खुणा ठरलेल्या होत्या: फाटक, पाण्याची टाकी, पलीकडची टेकडी. टेकडी दिसली की एक आकडा, नुसती टाकी दिसली की दुसरा.

नोकरीच्या पहिल्याच दिवशी त्यांनी पांढऱ्या झापांच्या पेटीतला तापमापक इतक्या जवळून वाचला, की त्यांच्या श्वासानं पारा चढला. सगळ्या शहराला त्या दिवशी एक अंश जास्त ऊन लागलं. एका शाळेनं तर उन्हामुळे दुपारची सुट्टी दिली. मोठे साहेब ओरडले नाहीत. त्यांनी नव्या निरीक्षकाला जवळ बसवून एवढंच समजावलं, की आपण बघायचं आणि लिहायचं, लुडबुड करायची नाही, आणि लिहिलेल्याचा अर्थ काय ते वरच्या मजल्यावरचे बघतील. काकांनी मनाशी खूणगाठ बांधली. अडतीस वर्षं त्यांचे आकडे वर जात राहिले, वर अंदाज तयार होत राहिले, आणि आपलीच वही मागे उलटून काकांनी कधी वाचली नाही.

बायकोचा विश्वास वरच्यांवरही नव्हता आणि खालच्यावर, म्हणजे नवऱ्यावरही नव्हता. कपडे वाळत घालू का, असं ती रोज सकाळी नवऱ्याला विचारायची, तो सांगेल ते शांतपणे ऐकून घ्यायची, आणि मग गॅलरीतून वाकून न्हाव्याला विचारायची. काका याचा राग धरायचे नाहीत. न्हाव्याचं जास्त वेळा बरोबर निघतं हे त्यांनाही ठाऊक होतं.

तर धुकं आलं आणि बायकोच्या स्टुलावर बसलं. दुपारी ते घोट्यापर्यंत खाली बसलं, पण आठवड्याभरात चढत चढत डोक्यावरून गेलं. काकांच्या चपला त्यात बुडाल्या त्या दोन दिवस वर आल्या नाहीत. एक कबुतर चुकून आत शिरलं आणि कपाटामागे चार दिवस वाट शोधत घुमत राहिलं. पोस्टमन दारातून बोटीच्या भोंग्यासारखा आवाज काढायचा, आणि काका आवाजाच्या दिशेनं हात पुढे करायचे. पत्र हाताला लागायचं. पोस्टमन लागायचा नाही.

दुसऱ्या कुणी खिडकी उघडली असती. पण काका निरीक्षक. खिडकी उघडली तर वारा येणार, गॅस पेटवला तर तापमान वाढणार, नुसती खोलीभर चक्कर मारली तरी धुकं ढवळणार आणि नोंद बिघडणार. म्हणून ते खुर्चीत बसून राहिले, श्वाससुद्धा बेतानं घेत. एक जुनी कोरी वही त्यांनी मांडीवर घेतली. सकाळी साडेआठ आणि संध्याकाळी साडेपाच, अशा दोन वेळा. खुणा पावलांच्या: टीपॉय दोन, कपाट पाच, ओटा नऊ, गॅलरीचं काचेचं दार अकरा, आणि लांबात लांब खूण म्हणून रस्त्यापलीकडची न्हाव्याची पाटी. पहिल्या दिवशी त्यांनी लिहिलं, ‘दृश्यता टीपॉयपर्यंत. आभाळ नऊ.’ आठ भागांत नऊ कसे, हा प्रश्न पुढे दुसऱ्या कुणालातरी पडणार होता. काकांना तो पडला नाही.

सुरुवातीला हे सगळं नियम म्हणून चाललं होतं. मग एका सकाळी काकांना चहा प्यावासा वाटला. नियम घटकाभर बाजूला ठेवू म्हणाले, तर उठवेना. गुडघे ठीक होते, हातही ठीक होते. पण खुर्चीपासून ओट्यापर्यंतची नऊ पावलं कुणीतरी ओढून मैलभर लांब करून ठेवली होती, आणि पलीकडच्या टोकाला चहाचं भांडं दुसऱ्या देशात असावं तसं लुकलुकत होतं. आपण नियम पाळतोय, की आपल्याला जमतच नाही, हे त्या दिवसापासून त्यांना सांगता येईना. ते त्यांनी वहीतही लिहिलं नाही. त्याला रकाना नव्हता.

लेक दीड तासाच्या बसवर राहायची. मंगळवारी आणि शुक्रवारी यायची ती दारातूनच बाह्या सरसावत. डबे, धुणं, केर, गोळ्यांची डबी. बाबांची आंघोळ, बाबांची दाढी. “हात वर, बाबा. आता दुसरा. आणि हा तिसरा कुणाचा?” असं म्हणत ती शर्ट चढवायची, बटणं लावायची, सूप फुंकून फुंकून चमच्यानं भरवायची. काका तोंड उघडायचे, मिटायचे. आई गेली तेव्हा लेक बसमध्ये होती. पोचायला पाऊण तास उशीर झाला होता. तो पाऊण तास ती दर मंगळवारी आणि शुक्रवारी भरून काढत होती, आणि तो काही भरत नव्हता.

आठ महिने असे गेल्यावर तिनं ठरवलं, बाबांना एकटं ठेवायचं नाही. आपल्या घरी तिनं खोली तयार केली. नवा पलंग आणला, उशाशी वाजवायला घंटी ठेवली. खोली खरोखर छान होती. फक्त तिची खिडकी शेजारच्या इमारतीवर उघडायची, इतकी लगटून की हात बाहेर काढला तर बोटांना पलीकडचं प्लास्टर लागावं. काका ती एकदा पाहून आले होते. खिडकीशी उभं राहून त्यांनी आभाळाचे आठ भाग शोधले. एकही सापडला नाही.

रविवारी न्यायचं ठरलं. त्याआधी गुरुवारी दवाखान्यातल्या नर्सबाई घरी येऊन बघणार होत्या, माणूस आपलं आपण काय काय करतो. निम्म्याहून जास्त ठिकाणी ‘जमत नाही’ आलं तर डॉक्टर तसं लिहून देणार, आणि मग घराला कुलूप. काकांना जायचं नव्हतं. आठ महिन्यांत त्यांना पक्की ठाऊक असलेली ही एकच गोष्ट. पण सांगायचं तर तोंड उघडावं लागतं, आणि तोंड उघडलं की धुकं आत जायचं.

नर्सबाई ठेंगण्या, भरल्या अंगाच्या. तीन मजले चढून आल्या, दाराच्या चौकटीला धरून दम खाल्ला, आणि घरात पाऊल टाकताच चष्मा काढून पुसला. पुन्हा घातला, पुन्हा काढून पुसला. काकांनी ते टिपलं. लेकीनं आठ महिन्यांत एकदाही चष्मा पुसला नव्हता. ती चष्मा लावत नव्हती हेही खरं.

मग फॉर्म निघाला. आंघोळ? मदतीनं, लेक म्हणाली. कपडे? मदतीनं. जेवण? भरवावं लागतं. जिना? आठ महिन्यांत एकदाच उतरले, तेही धरून. नर्सबाई प्रश्न काकांच्या पत्त्यावर टाकायच्या आणि उत्तर लेकीच्या घरून यायचं. पाचव्या प्रश्नाला त्यांचं पेन संपलं. कोपऱ्यावरच्या दुकानातून एक आणून देता का, असं त्यांनी अगदी अजिजीनं विचारलं. लेक चपला घालून गेली. तिची पावलं जिन्यात विरली तसं नर्सबाईंनी अंबाड्यात खोचलेलं दुसरं पेन उपसलं आणि म्हणाल्या, “हं काका. आता तुम्ही बोला.”

साडेपाच वाजले होते. त्यांनी वही उघडली, समोर पाहिलं, टीपॉय दिसत होता, त्यापुढे नर्सबाईंचे गुडघे दिसत होते, बाकी सगळं पांढरं. त्यांनी लिहिलं.

“काय लिहिलंत?”

काकांनी वही पुढे केली. नर्सबाईंनी ती नाकाजवळ धरून वाचली. आभाळाचे भाग आठ असतात हे त्यांनी शाळेत कधीतरी ऐकलं होतं म्हणे. मग हे नऊ कुठून आले?

काकांच्या कामाबद्दल कुणी विचारलं नव्हतं त्याला वर्षं लोटली होती. त्यांनी घसा साफ केला.

“आठ म्हणजे आभाळ ढगांनी पूर्ण झाकलेलं, बाई. तेव्हा निदान ढग तरी दिसतात. धुकं दाट असलं की ढगही दिसत नाहीत, वर काही आहे की नाही तेसुद्धा कळत नाही. अशा वेळी नऊ लिहायचं. नऊ म्हणजे आभाळ नाही, असं नाही. मी उभा आहे तिथून दिसत नाही, एवढंच.”

आठ महिन्यांत इतकं लांब बोलणं त्या घरात झालं नव्हतं. स्टुलावरचं धुकं दचकून जरा सरकून बसलं.

नर्सबाई पानं उलटत गेल्या. मंगळवार, नऊ. शुक्रवार, नऊ. मधले वार कधी आठ, कधी नऊ. मग चौथ्या महिन्यात त्यांचं बोट थांबलं. तिथून सलग तीन आठवडे आकडे उतरत गेले होते. आठ. आठ. सात, शेरा: ‘दाढी केली, दोन ठिकाणी कापलं.’ सात, शेरा: ‘दूध उतू.’ मग एक सहा. दृश्यता न्हाव्याची पाटी. शेरा: ‘टोस्ट करपला. खाल्ला.’

हे काय आहे, असं त्यांनी विचारलं तेव्हा काका ओशाळले. त्या महिन्यात लेकीचा पाय प्लास्टरमध्ये होता, यायला जमलं नाही, डबे बंद. पोट काही निरीक्षक नव्हतं, ते नियम मानेना.

“ते तीन आठवडे धरू नका,” काका म्हणाले. “त्या दिवसांत मी लुडबुड केली. नोंद बिघडली आहे.”

नर्सबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि त्यांच्याकडे बघत राहिल्या. हसू आवरायला त्यांना थोडा वेळ लागला.

“काका, तुम्ही हे सगळं लिहिलंत. वाचलंत का कधी?”

“वाचणं वरच्या मजल्यावरच्यांचं काम.”

“हा शेवटचा मजला आहे,” नर्सबाई म्हणाल्या. “वर गच्ची. वाचणारं दुसरं कुणी नाही.”

काकांनी वही मांडीवर घेतली आणि जन्मात पहिल्यांदा मागून पुढे वाचायला लागले. हळूहळू, बोट ठेवून. अक्षर आपलंच, पण बातमी दुसऱ्याच कुणाची असावी तशी. हा कोण गृहस्थ, ज्यानं करपलेला टोस्ट खाल्ला आणि त्या दिवशी त्याला थेट रस्त्यापलीकडची पाटी दिसली? तीन आठवड्यांनी लेक लंगडत, डबे घेऊन, धापा टाकत आली. त्या दिवशीची नोंद, नऊ. शेरा: ‘बटणं लावून मिळाली.’

त्यांनी वही मिटली. खुर्चीच्या हातांवर तळवे टेकले. उठायला किती वेळ लागला ते नर्सबाईंनी घड्याळात पाहिलं, पण कुणाला सांगितलं नाही. मग काका ओट्याकडे निघाले. नदीच्या पाण्यातून चालावं तसं ते चालत होते, एक पाऊल टाकून मग दुसऱ्याला हाक मारल्यासारखे. पाचव्या पावलाला कपाट येऊन त्यांच्या हाताखाली उभं राहिलं. सातव्याला त्यांना वाटलं, आता परत फिरावं, पण मागे वळून पाहिलं तर खुर्ची दिसत नव्हती, ओटा जवळ होता. चहाचं भांडं जागेवर नव्हतं. लेकीनं ते वरच्या फळीवर नेऊन ठेवलं होतं, बाबांना भाजेल म्हणून. काकांनी दुसरं घेतलं. तीन काड्या विझल्या, चौथी पेटली. गॅसच्या निळ्या ज्योतीभोवती धुक्यानं ताटभर जागा मोकळी केली, आणि त्या जागेत काका दूध, पाणी, साखर यांचा विचार करत उभे राहिले, मोठ्या विद्वानासारखे.

लेक आली ती तीन पेनं घेऊन, कुठलं चालेल कुणास ठाऊक म्हणून. बाबांना विस्तवापुढे पाहिलं आणि तिच्या हातातली पेनं गळून पडली. ती धावणार, तोच नर्सबाईंनी तिचं मनगट धरलं.

“बसा, ताई.”

“अहो, त्यांचा हात बघा कसा थरथरतोय.”

“थरथरू दे. हात मांडीखाली घाला आणि बसा.”

जवळ दुसरं काही नव्हतं, तेव्हा लेक आईच्या स्टुलावर बसली. धुक्याला उठावं लागलं. दोन्ही तळवे मांडीखाली दाबून ती बसून राहिली, आणि तो चहा व्हायला जो वेळ लागला तेवढ्यात दुसऱ्या एखाद्या माणसानं घर बांधलं असतं. दूध ओतताना सांडलं. लेकीचे खांदे पुढे झाले, मागे आले. काकांनी फडकं शोधलं, पुसलं, फडकं पिळलं. मग तीन कप, एकेक करून, नऊ पावलं तिकडे, नऊ पावलं इकडे, तीनदा. चहा कोमट होता आणि साखर दोनदा पडली होती. नर्सबाईंनी अर्ध्या कपातच माघार घेतली.

वही टीपॉयवर उघडी होती. लेकीनं ती वाचली. तिला वारांचा हिशेब लागायला वेळ लागला नाही. ती हुशारच होती, आणि म्हणूनच तिचा चेहरा असा उतरला, की काकांना तो धुक्यातूनही दिसला.

“म्हणजे मी येते म्हणून होतं हे?”

काकांनी वही मिटून बाजूला ठेवली. आठ महिने त्यांच्याकडे शब्द नव्हते. आता होते ते त्यांना नीट ठेवायचे होते.

“नाही गं. तू आलीस की मला बरं वाटतं. पण तू सगळं करून जातेस. मग मला कशासाठी उठायचं ते आठवत नाही, आणि हे येऊन बसतं.” त्यांनी हातानं खोलीभर दाखवलं. मग म्हणाले, “मला तुझ्याकडे यायचं नाही. तुझ्या त्या खोलीत आभाळ नाही. इथे आहे. दिसत नाही, पण आहे.”

लेक रडली. तळवे मांडीखालीच होते, त्यामुळे डोळे पुसायचे राहिले. मग ती पडल्या आवाजात म्हणाली, की मी बसून काय करू मग, मला नुसतं बसता येत नाही. आईलाही येत नव्हतं, काका म्हणाले. या एका बाबतीत बापलेकीचं लगेच एकमत झालं.

नर्सबाईंनी फॉर्म पुढे ओढला. त्यात तीनच चौकटी होत्या: ‘स्वतः’, ‘मदतीनं’, ‘जमत नाही’. त्यांनी थोडा विचार केला, कडेला पट्टीशिवाय एक वाकडी चौथी चौकट काढली, तीवर लिहिलं ‘स्वतः, वेळ लागतो’, आणि चहापुढे तिच्यात खूण केली. जेवणापुढे केली, कपड्यांपुढे प्रश्नचिन्ह घातलं. डॉक्टरांना मी सांगेन, रविवार रद्द, तीन महिन्यांनी पुन्हा बघू, असं म्हणाल्या. आणि काकांकडे वळून बजावलं, की एका चहानं कुणी बरं होत नसतं, हा असला चहा असेल तर नाहीच. हा आजार आहे, आळस नाही. गोळ्या वेळेवर घ्यायच्या, पण डबीतून आपल्या हातानं. दर गुरुवारी मी येईन. वही चालू ठेवा, आणि आठवड्यातून एकदा वाचा.

रविवारी सकाळी काकांनी गॅलरीचं दार उघडलं. आठ महिने बंद होतं, फुगलं होतं, खांदा द्यावा लागला. धुकं जायला तयार नव्हतं, दारात घुटमळलं, जिन्याकडच्या पायपुसण्यापर्यंत जाऊन उलटं फिरलं, आणि मग गॅलरीच्या कठड्यावरून गादीच्या कापसासारखं रस्त्यावर ओघळलं. खाली न्हाव्याच्या दुकानात स्वतःचं नाक स्वतःला दिसेना. एका गिऱ्हाइकाची अर्धी मिशी त्या गोंधळात गेली, आणि उरलेली अर्धी त्यानं रागानं महिनाभर तशीच ठेवली. न्हाव्याला या वेळी साक्षीदार मिळाला, पण तो त्याच्याशी बोलत नव्हता.

सगळंच धुकं काही गेलं नाही. पलंगाखाली थोडं राहिलंच. पुढच्या बुधवारी ते पुन्हा छातीपर्यंत आलं, काका दिवसभर उठले नाहीत, आणि वहीत नऊ पडले. गुरुवारी नर्सबाईंनी चष्मा पुसला, नऊ पाहिले आणि विचारलं, मग चहा? काकांनी सांगितलं, आज नाही जमणार. बरं, म्हणाल्या, आणि पाण्याचा ग्लास भरून आणायला सांगितला. तेवढं जमलं. मंगळवारी लेक आली, स्टुलावर बसली, आणि बाबांना शर्टाचं तिसरं बटण दुसऱ्या भोकात घालताना पाहून तिनं इतके दात आवळले, की तिची एक दाढ हलायला लागली. ती दाढ पुढे काढावी लागली. पण बोलली नाही. काका दिवसभर तिरक्या शर्टानं हिंडले. संध्याकाळची नोंद, सात.

मग एका सकाळी, साडेआठची नोंद व्हायच्या आधीच, फोन वाजला. काका गॅलरीच्या दाराशी बसले होते, ते अकरा पावलं चालून आत आले. लेक होती. तब्येत कशी आहे, काय खाल्लं, गोळी घेतली का, असलं काहीच तिनं विचारलं नाही.

“बाबा, कपडे वाळत घालू का?”

काका फोन बाजूला ठेवून गॅलरीत गेले. मान वर केली. मानेला सवय राहिली नव्हती, कुठेतरी कडकन वाजलं. आभाळाचे आठ भाग पाडले, पाच झाकलेले होते, आणि ते पाच इतके सुंदर, करडे, कडेनं उजळलेले होते, की काका मोजून झाल्यावरही थोडा वेळ तिथेच राहिले. परत येऊन त्यांनी सांगितलं, ढग उंचावरचे आहेत, वारा पश्चिमेचा, तुझ्या बाजूलाही काही येणार नाही. खुशाल घाल.

“बरं, बाबा,” लेक शांतपणे म्हणाली. मग तिनं फोन नीट ठेवला नाही. काकांना खिडकी उघडल्याचा आवाज आला, आणि लेकीचा आवाज, लांबून, खालच्या मजल्यावरच्या कुणाला तरी विचारणारा: “अहो काकू, आज येईल का हो पाऊस?”

काकांनी फोन कानाला लावून काकूंचं उत्तर शेवटपर्यंत ऐकलं.

दुपारी तिकडे सडकून पाऊस झाला. संध्याकाळी साडेपाचला काकांनी वही उघडली. आभाळ पाच. दृश्यता न्हाव्याची पाटी, आणि तिच्याखालचा अर्ध्या मिशीचा माणूस. शेरा: ‘अंदाज चुकला. लेकीचे कपडे सुके.’